भरीत राखणाऱ्या बाटल्या

आमच्या भडगावात भरीत खावं ते हिवाळ्यात. हिरवी वांगी, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली. उन्हाळ्यातल्या वांग्याला ती चव कुठली! पण लेकीला डोहाळे लागले ते ऐन मे महिन्यात. धुळ्याहून फोन आला, "आई, पोटात काहीच टिकत नाही गं. भरीत आहे का?" होतं. भाजून ठेचलेल्या वांग्यांचे दोन डबे मी फ्रीजरमध्ये जपले होते.

त्याच फ्रीजरवरून आमच्या घरात रोज भांडण. ह्यांनी लग्नांतल्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यांत मिठाचं पाणी भरलं आणि सगळ्या आत कोंबल्या. लाईट गेली की हे गोठलेलं पाणी वितळताना साध्या बर्फाहून गार राहतं, हे त्यांचं शास्त्र. "मटार ठेवायला जागा नाही आणि तुमचा हा समुद्र!" मी करवादायचे.

लेक-जावई यायचे त्याच सकाळी वादळ झालं, खांब पडले, लाईट गेली. आता पोरीला काय घालू? ह्यांनी फ्रीजला गोधडी गुंडाळली आणि खुर्ची टाकून शेजारीच बसले. "फ्रीजले हात लावू नको!"

दुपारी जावई घामाघूम होऊन आले. हे लेकीची बॅग घ्यायला बाहेर गेले, तेवढ्यात मी गोधडी सारली. जावयाला काय कोमट पाणी द्यायचं? घाईघाईत हाताला लागली ती अर्धी वितळलेली बाटली दिली. त्यांनी मोठा घोट घेतला, डोळे घट्ट मिटले आणि "बास, तहान गेली" म्हणाले. मला फार बरं वाटलं.

मग भीतभीत डबे उघडले. कडा जराशा मऊ, मध्ये अजून दगड! इतकं प्रेम आलं ह्यांच्यावर, पण हे मुद्दाम छताकडे बघत होते. मी फोडणी दिली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. लेकीने एक घास घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलो. दुसरा घेतला, तिसरा घेतला. टिकलं बाई!

"आई, मीठ जरा कमी आहे गं."

"मग ती ओट्यावरची बाटली घे," जावई हळूच म्हणाले. "त्यात भरपूर आहे."

मी कपाळावर हात मारला. सासुरवाडीचा मान राखायला बिचारा खारट घोट गिळून गप्प बसला होता! लेक इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसता हसताच तिने दुसरी भाकरी मागितली.