उपसलेल्या विहिरीचा नमुना

दिनकरराव गेल्याचं मला एसएमएसवरून कळलं. पाठवणारा आमचा जुना मालक, भिवंडीतल्या त्या छोट्या प्रयोगशाळेचा. ‘आपले दिनकर गेले. शोकसभा रविवारी.’ आपले! ज्या माणसाला यानेच नोकरीवरून काढलं, तो मेल्यावर आपला झाला. सभेत हा दहा मिनिटं बोलला, ‘सचोटीचा पुतळा’ वगैरे म्हणाला, डोळेही पुसले. मी मागच्या खुर्चीत दातओठ खात बसले होते. उठून बोलायला हवं होतं, बोलले नाही... गप्प बसायची सवय मला त्याच प्रयोगशाळेत लागली. महिना झाला तरी राग उतरत नाही, म्हणून लिहिते आहे.

दिनकरराव भिवंडीजवळच्या दिघाशीचे. जागेवर जाऊन माती-पाण्याचे नमुने आणायचं काम त्यांचं आणि ते तपासायचं माझं. डिझेल-पेट्रोल मुरलेल्या जागी जायचं असलं की मोटारसायकलची टाकी दोन दिवस आधीच भरून ठेवत. त्या दिवशी पंपाकडे फिरकतसुद्धा नसत. हाताला लागलेला एक थेंब नमुन्यात गेला तर आळ जमिनीवर येईल, म्हणत. गिरमिटाने मूठभर माती काढायची, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवायची आणि थोड्या वेळाने पिशवीचं तोंड किंचित उघडून वास घ्यायचा, ही त्यांची पहिली तपासणी. मी चेष्टा करायचे, ‘दिनकरराव, माझं यंत्र विकून टाकू का?’ त्यावर, ‘विका मॅडम, पण माझं नाक उसनं मागायला येऊ नका!’

भिवंडीजवळ पूर्णा गावाकडे गोदामं झपाट्याने उभी राहत होती, त्या वर्षांतली गोष्ट. एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या यार्डात जमिनीखाली डिझेलची टाकी होती. शेजारच्या पाड्यावरच्या विहिरीला वास येतो, पाण्यावर तवंग दिसतो, भातालासुद्धा डिझेलची चव लागते, अशी बायकांची ओरड होती. यार्डवाल्याला जागा गोदामासाठी द्यायची होती. त्याला ‘काही नाही’ असा कागद हवा होता आणि काम आमच्याकडे आलं. त्या दिवशी मीही गेले होते. बघते तर विहिरीचं पाणी नितळ, वास फक्त ब्लीचिंग पावडरचा. जनाबाई नावाच्या म्हातारीने आमच्यापुढे चहा ठेवला आणि कौतुकाने सांगितलं, ‘तुमी येनार म्हनून काल पंप लावून सगली इहीर उपसली, पावडर टाकली. पावन्यांना घान पानी कसं दावायचं?’

दिनकरराव मटकन कठड्यावर बसले. ‘आजी, ती घाणच बघायला आलो होतो ना आम्ही...’ म्हातारीचा चेहरा पडला, तसे लगेच म्हणाले, ‘न्हाय, तुमची चूक न्हाय. मीच आधी सांगायला पायजे होतं.’ परत आल्यावर त्यांनी मालकाला सांगितलं, आठ दिवस जाऊ द्या, मग पुन्हा पाणी घेऊ. टाकी आणि विहिरीच्या मधे भोकं पाडून मातीही बघू. मालक म्हणाला, ‘नमुना घेतलात ना? मग झालं.’ दिनकररावांनी नोंदीच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘विहीर आदल्या दिवशी उपसलेली. हा नमुना ग्राह्य धरू नये.’

नमुन्यात डिझेल सापडलं नाही. मालकाने ती ओळ गाळून अहवाल टाइप करून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला. मी सही केली. आकडे तर खरे आहेत, अशी स्वतःची समजूत घातली... पक्का लबाडपणा होता तो. दुपारी दिनकरराव टेबलापाशी आले. ‘माझी ओळ कुठाय, मॅडम?’ मी यंत्राकडे बघत राहिले. ते निघून गेले.

मग रजा टाकून ते एकटेच पाड्यावर गेले. पुरुषभर खाली गिरमिटाला काळपट माती लागली, वासाने डोकं उठवणारी. काचेच्या तीन बरण्या भरून त्यांनी त्या प्रयोगशाळेत आणल्या. मालकाने नोंदवहीत घ्यायला साफ नकार दिला आणि त्याच आठवड्यात त्यांना घरी बसवलं. त्या बरण्या घेऊन त्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. सगळीकडे एकच उत्तर, माती अधिकृत माणसाने काढलेली नाही. अरे, अधिकृत माणूस काढत नव्हता म्हणूनच तर दिनकररावांनी काढली! माझ्या सहीचा कागद दाखवून यार्डाच्या जागेवर गोदाम उभं राहिलं, आणि पाड्यावरच्या बायका टँकर सुरू होईपर्यंत तेच पाणी भरत राहिल्या.

शोकसभेनंतर मी दिघाशीला दिनकररावांच्या बायकोला, वहिनींना भेटायला गेले. खिडकीजवळच्या फळीवर तिन्ही बरण्या होत्या, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात जागा आणि खोली लिहिलेली. वहिनी म्हणाल्या, ‘दर म्हयन्याला झाकनं आवळायचे. वास उडाला तर दावू काय, म्हनायचे. कोनतरी इचारायला येल, असं शेवटपर्यंत वाटायचं त्यांना.’

मी एका बरणीचं झाकण सैल केलं. डिझेलचा वास अजून होता. इतक्या वर्षांनी त्या मातीचा अहवाल कुणी मानणार नाही, हे मला कळतं. मी झाकण पुन्हा घट्ट लावलं. भिवंडीहून दिघाशीला एसटी जाते. एवढ्या वर्षांत मी एकदाही विचारायला गेले नव्हते.