अनुसयाबाईंचा फोन आणि शेठची डबी

हायवेवरच्या जाम गावच्या चौकात अनुसयाबाईंचं चहाचं हॉटेल होतं आणि गल्ल्याशेजारी फोन. ट्रकवाल्यांच्या बायका त्यावर विचारायच्या, "मावशी, आमचे हे निंगाले का जी?"

"चहा पिऊन गेले. भाकरी टाक," बाई सांगायच्या. त्यापुढं एक अक्षर नाही. कोण किती प्यायला, कोणाच्या शेजारी कोण बसलं होतं, हे त्यांनी कधी कोणाच्या बापालाही सांगितलं नाही.

दोन हजार आठ साली वर्ध्याच्या हेमराजशेठनी आपल्या ट्रकांत एकेक काळी डबी बसवली. गाडी कुठं उभी आहे, ते आता त्यांना ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसायला लागलं. ड्रायव्हर चिडले. बाई मात्र हसल्या.

"पाहू द्या ना! मी काय कमी पाह्यतो? पण तोंड कवा बंद ठेवाचं, ते मले समजते."

एके दुपारी शेठचाच फोन आला. "बाई, बाबारावची गाडी कवाची तुमच्या दारात उभी दिसून राह्यली. काऊन? काय करून राह्यला तो?"

बाबाराव आत बाजेवर घोरत होता. रात्रभर गाडी हाकून आला, तेव्हा त्याचे डोळे लालभडक झाले होते. बाईंनीच दटावून त्याला झोपवलं होतं आणि ट्रकची किल्ली काढून स्वतःच्या कमरेला खोचली होती.

किल्ली चाचपत बाई म्हणाल्या, "मले काय विचारता, शेठ? तुमच्या डबीलेच विचारा!"