पट्ट्याच्या रिळातला भंडारा

भंडाऱ्याचा वास आला की मला पिंपळवंडी फाट्यावरचं गॅरेज आठवतं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो टाकून परत येताना थोरला भाऊ अपघातात गेला, त्याला महिना झाला होता. सीटचा पट्टा अडकलेला असायचा म्हणून तो लावत नसे, आणि पिकपची पुढची काच फुटून तो बाहेर फेकला गेला होता. आता गाडी मी चालवणार म्हणून आई माझ्याबरोबर गॅरेजात आली होती. काच बसल्यावर ती मिस्त्रीला म्हणाली, "त्यो पट्टा बी नीट करा. लई दिस झालं, वढला जात न्हाई." मिस्त्रीनं दाराशेजारचं झाकण खोललं, पट्ट्याचं रीळ काढलं आणि स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं. कागदावर पिवळ्या, तेलकट खपल्या पडल्या. ग्रीसच्या वासात हळदीचा वास मिसळला. गाडी निघताना आई रोज खिडकीतून भावावर चिमूटभर भंडारा उधळायची, देवानं सांभाळावं म्हणून. मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं, मी टायरांकडं पाहत राहिलो. "काय निघालं, भाऊ?" गॅरेजच्या दाराशी बसलेल्या आईनं विचारलं. "धूळ व्हती, मावशी," म्हणत त्यानं कागद चुरगळून खिशात घातला. पट्टा सरसर सुटायला लागला. मला काहीच वाटलं नाही, भूक मात्र लागली होती. दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली तेव्हा आई नेहमीसारखी मुठीत भंडारा घेऊन खिडकीपाशी आली, थांबली आणि म्हणाली, "काच वर घे." मग तिनं तो बंद काचेवर उधळला. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गाडी सुरू करण्याआधी मी अजून काच वर घेतो.