मामांची झडती

उत्खननाच्या फाटकावरच्या रखवालदाराला तोंडावर सगळे मामा म्हणत. पाठीमागे त्यांचं नाव पडलं होतं ‘झडती’. मजुरांचे डबे, टोप्या, चपलासुद्धा ते उलटून बघत. घरी बायको बाजारातून आली, तरी आधी पिशवीत डोकावत.

“बघा, बघा! बुद्धाची मूर्ती आणलीय पदराखालून,” ती फणकारायची.

मामा तरी काय करणार? पूर्वी ज्या गोदामात होते तिथे चोरी केली मेहुण्याने आणि नोकरी गेली मामांची. आता मातीखालून बौद्ध मंदिर वर येत होतं. त्यातला एखादा मणी जरी हरवला, तरी पहिलं बोट आपल्याकडेच, हे त्यांच्या मनाने पक्कं घेतलं होतं.

हंगाम संपला. जुन्या विटा उघड्यावर झिजू नयेत म्हणून खड्डे पुन्हा बुजवायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी मजूर पांगल्यावर मामांनी पाहिलं, तर उत्खननाच्या प्रमुख मॅडम एकट्याच गाभाऱ्याच्या खड्ड्यात उतरलेल्या. त्यांनी तळाशी काहीतरी पुरलं आणि वरून माती थापली.

मामांनी लगेच हिशेब मांडला. आज पुरायचं, सामसूम झाली की काढायचं आणि बालंट माझ्यावर! वा मॅडम, वा!

मॅडम तंबूकडे वळल्या तसे मामा शिडीने खाली उतरले. माती उकरली. बोटांना काहीतरी गोल, गार लागलं.

“मामा, काय चाललंय?” वरून आवाज आला.

मामांची मूठ आपोआप मिटली. तिथेच घात झाला.

“हात उघडा बघू.”

तळहातावर यंदाचंच कोरं नाणं होतं.

“अहो, मीच ठेवलं ते,” मॅडम म्हणाल्या. “पुढे कोणी खणलं, तर आम्ही इथवर आलो होतो हे कळावं म्हणून. दर वेळी ठेवतो. तुम्हाला काय वाटलं?”

नाणं जागच्या जागी ठेवून, माती सारखी करून मामा वर आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कोणी न सांगताच त्यांनी टोपी झटकली, चपला उलट्या धरल्या, सदऱ्याचा एक खिसा बाहेर ओढला.

“अहो, राहू द्या मामा! तुमच्यावर का मी संशय घेईन?”

पण बोलताबोलता मॅडमची नजर दुसऱ्या खिशाकडे गेलीच. मामांनी ती नजर बरोबर ओळखली. मग त्यांनी तोही खिसा बाहेर काढून दाखवला.