समोरच्या दुकानाची पेंड

तिसगावात पेंडीचं दुकान टाकलं आणि गिऱ्हाईक सोडून बाकी सगळं मिळालं. किस्से तर विचारूच नका, गोणीभर झालेत! कंपनीतली नोकरी सोडून बसलो होतो. दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर शटर कायमचं खाली, हे घरात ठरलेलं. आणि बरोब्बर समोर अण्णांचं पेंडीचंच जुनं दुकान.

*

सुरुवातीला भाव अण्णांपेक्षा कमी लावला. दामूतात्या बोर्ड वाचून आत आले. पेंडीचा वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली.

"स्वस्त का हाय?"

"नवीन दुकान हाय तात्या, म्हणून."

"भुसा किती घातलाय, खरं सांग!"

घ्या! मग भाव अण्णांच्या बरोबरीला आणला. तात्या पुन्हा हजर. "बघ, आता लुटाया लागला!"

*

मग सॅम्पल फुकट वाटलं. भिमाआक्कांना आठवड्यानं विचारलं, "गाईनं खाल्लं का?"

"आमच्या गाईला कशाला घालू? जावंच्या गाईला घातलं."

"मग?"

"लई दूध वाढलं की तिचं!"

"मग देऊ एक गोणी?"

"नगं बाबा. येवढं दूध वाढतंय म्हंजी तू कायतरी औषिद मिसळलंय!"

*

अण्णांना कसली फिकीर? दुपारी शटर ओढून जेवायला जातात, ते झोप काढूनच येतात. तोवर त्यांचं गिऱ्हाईक माझ्या सावलीत बसतं, माझ्या माठातलं पाणी पितं. एकाला म्हटलं, "अहो, माझ्याकडनं घ्या की!" तर तो उठून उन्हात जाऊन उभा राहिला!

*

शेवटी अण्णांनाच गाठलं. ते हसले. "माझं गिऱ्हाईक फोडायच्या नादाला लागू नको. ज्याच्या दारात पहिली गाय आली, त्याला धर."

हा माणूस मला फुकट सल्ला का देतोय? मनात पाल चुकचुकलीच. तरी शेजारच्या संतोषनं बाजारातून पहिली गाय आणली, तसा धावत गेलो.

"न्हाई जमायचं," संतोष म्हणाला. "गाय देतानाच आधीच्या मालकानं बजावलंय, हिला अण्णांचीच पेंड लागती!"

*

दिवाळी तोंडावर आली. त्या दिवशी एकही गोणी हलली नव्हती. वैतागून घरी आलो आणि गोठ्यात डोकावलो, तर कोपऱ्यात अण्णांच्या दुकानाचा शिक्का असलेली गोणी! माझं डोकंच फिरलं.

"मंदा! हे काय हाय?"

बायको धार काढत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"वरडू नका, पान्हा चोरंल ती. दुकान तुमचं हाय. गाय माझी हाय!"