कण्हेरीखालचा कोश

मी जात्याच झाडलोटीची वेडी, त्यात नवऱ्याची नोकरी जर्मनीत, गेर्लिंगेनला. इथे प्रत्येक बिऱ्हाडाकडे पाळीपाळीने केअरवोखं येतं, म्हणजे आठवडाभर जिना आणि अंगण झाडायचं काम तुमचं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं.

यंदा बाल्कनीतल्या कण्हेरीवर एक अळी आली. बोटाएवढी, हिरवीगार, शेपटाला शिंग. डिवचलं की मानेवरचे दोन निळे, खोटे डोळे वटारायची. ज्या कण्हेरीला आपल्याकडे गुरंही तोंड लावत नाहीत, ती ही बया मेथीसारखी खात होती. माझी नऊ वर्षांची लेक शाळेतून आली की आधी अळी, मग आई. तिनेच शोधून काढलं, की हा उष्ण देशातला पतंग; हिची आई आल्प्स ओलांडून आली असणार.

एक दिवस अळी तपकिरी पडली आणि मातीवर उतरली. "पानांखाली कोश करेल, हात लावू नकोस," लेक म्हणाली. मी हो म्हटलं. शनिवारी जिना झाला, अंगण झालं, तरी हात शिवशिवत होते म्हणून बाल्कनीही लख्ख केली. कुंडीतला पाचोळासुद्धा खाली ओल्या कचऱ्याच्या डब्यात.

लेकीने कुंडी पाहिली. रडली नाही. रागावली की ती जर्मनमध्ये बोलते, तशी म्हणाली, "तू हो म्हणाली होतीस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली जाऊन मी डब्यात खांद्यापर्यंत हात घातला. बटाट्याची सालं, कॉफीचा चोथा. तळमजल्यावरच्या आजी खिडकीतून बघत होत्या, बघू देत. शेवटी चिकटलेल्या दोन पानांत तो सापडला, खजुराच्या रंगाचा, बोट लागताच वळवळला.

राउटरशेजारी मी दही लावते, त्या उबेत त्याचं खोकं ठेवलं. अठराव्या दिवशी संध्याकाळी कोश तडकला. ओलं, चुरगळलेलं काहीतरी पडद्यावर चढलं आणि नखाएवढे पंख डोळ्यांदेखत भरत गेले. हिरवे, त्यात गुलाबी, पांढऱ्या लाटा. त्या खादाड बयेच्या अंगात हे कुठे होतं? गॅसवर चहा आटून गेला. मी हात जोडले, लाज नाही वाटली.

अंधारताना खिडकी उघडली. तो थरथरला आणि उडून गेला.

पुढच्या पाळीला मी झाडू उचलला, तर लेक माझ्याआधी बाल्कनीत. कुंडीतलं एकेक पान तिने उलटून पाहिलं. मी दारातच थांबले.

"आता झाडलंस तरी चालेल," ती म्हणाली.