तीन बाजूंनी जमीन

भूमच्या बाजारात गाळा घेऊन बसलेला, परदेशी नोकऱ्या लावून देणारा एजंट माझ्या चुलतीला म्हणाला, "काकू, घाबरू नका. पोरगं समुद्रात न्हाय चाललं, आखातात चाललंय. तिन्ही बाजूनं जमीन!"

चुलतभावाला तेलवाहू जहाजावर खलाशाची नोकरी लागली होती. घरात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. आमच्याकडं पाणी म्हणजे पाझर तलाव, तोही उन्हाळ्यात कोरडा. पण तीन बाजूंनी जमीन हे चुलत्यांना लगेच पटलं. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. काट्यांची कुपाटी घालायची, तोंड एकच ठेवायचं आणि तिथं आपण बसायचं. लांडगा येणार कुठून?

"तोंड एक म्हंजी राखायला सोपं," ते म्हणाले.

मी चळवळीची पत्रकं वाटणारा माणूस, गोड बोलणं मला जमत नाही. मोबाइलवर नकाशा उघडून त्यांच्यासमोर धरला. अरबी समुद्र मोकळा. बंगालचा उपसागर तीन बाजूंनी घेरलेला, पण तोंड एवढं रुंद की वादळ आत येतं तसं जहाजही बाहेर पडतं. आणि हे आखात. पोट मोठं, तोंड चिंचोळं. माझ्या नखाखाली झाकलं गेलं.

"आबा, मेंढरांच्या वाड्याच्या तोंडावर तुम्ही बसता. इथं कोण बसलंय?"

"कोण?"

"बंदुकावाले. तेही दोन्हीकडचे."

चुलतभाऊ हसला. "दादा, झालं तुझं भाषण सुरू? मग हितं राहून काय करू? तुझ्या सभेच्या सतरंज्या उचलू?"

मी मोबाइल खिशात घातला.

तो गेला. आता लढाई पेटून आखाताचं तोंड बंद झालंय आणि त्याचं जहाज आत अडकलंय. त्याचा फोन लागत नाही. एजंटाच्या गाळ्याला कुलूप आहे. बातम्यांत मात्र सकाळ-संध्याकाळ तेलाचा भाव! ते तेल वाहणारी पोरं कुणाच्या खिजगणतीत नाहीत.

अडकलेल्या पोरांना परत आणा, असं पत्रक मी लिहायला घेतलं. चुलत्यांना म्हटलं, "आबा, त्याचा फोटो द्या. वर मोठा छापतो."

ते आत भाकरी थापणाऱ्या चुलतीकडं एकदा बघून हळूच म्हणाले, "नाव लिव्ह. फोटू नगं. आपल्यातल्या माणसाचा फोटू कवा छापत्यात? गेल्यावरच. ही बघंल आन् तसंच समजंल."

पत्रक बिनफोटोचं छापायला दिलं.